दगडी गोठ्याच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर पोट सुटतं: कारणं आणि दुरुस्तीचा क्रम

वस्तीवरचा जुना दगडी गोठा, भिंत दोन-अडीच फूट जाड, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळा सरला की मागच्या भिंतीला पोट सुटतं, म्हणजे तिचा मधला भाग बाहेर फुगतो, दर्जांमधलं (दगडांमधल्या सांध्यांतलं) सिमेंट पट्ट्यापट्ट्यांनी गळतं आणि खालच्या दोन-तीन थरांवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, उमटतो. मग गवंडी बोलावून पुन्हा दर्जा भरून घ्यायच्या. एक-दोन वर्षं बरी जातात आणि पुन्हा तेच, फक्त पोट आणखी थोडं पुढे आलेलं. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, कुठेही जा, जुन्या वस्तीवर ही तक्रार असतेच. आणि तिच्यावर उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी पुन्हा सिमेंटच भरलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पोट बाहेरच्या दगडांमुळे सुटत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी शिरतं दर्जांमधून आणि माळवदाच्या कडेनं, आणि जाऊन बसतं भिंतीच्या पोटात. त्यामुळे बाहेरून कितीही दर्जा भरल्या तरी दुखणं आतच राहतं.

भिंत आतून कशी असते ते आधी डोळ्यासमोर आणा. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मधे खांडक्या (दगडाचे लहानमोठे तुकडे), चिपा (दगडाच्या पातळ कपच्या) आणि मातीची भर. दोन्ही पदर चांगल्या डबराचे (मोठ्या ओबडधोबड दगडांचे), पण मधल्या भरीला गाऱ्याशिवाय, म्हणजे कालवलेल्या चिखलाशिवाय, कशाचाच आधार नाही. जिथे जुन्या कारागिरानं मनावर घेऊन काम केलंय तिथे ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घातलेले असतात, ते दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवतात. कडब्याच्या पेंढीला बंध असतो तसं त्यांचं काम. घरातल्या माणसांच्या सोप्याला असे दगड हमखास सापडतात. गोठ्याला, कोठाराला मात्र बऱ्याचदा हात आखडता घेतलेला असतो, आणि नेमकी हीच बांधकामं आज आपल्याला त्रास देतात.

असा दगड नसला की काय होतं हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यांनी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे पाहिलं. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. दगडी भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचं फूट-दोन फूट जाडीचं मातीचं माळवद खाली आलं. सोलापूर तिथून लांब नाही आणि बांधणी तर तीच आहे. त्यामुळे गोठ्याचं पोट हा दिसण्याचा प्रश्न समजू नका. त्याखाली जनावरं बांधलेली असतात आणि पहाटे धार काढायला माणूस बसलेला असतो.

आधी रोग ओळखा

हातोडी आणि ओळंबा घेऊन भिंतीपाशी जा. छोट्या हातोडीनं एकेक दगड हलकेच ठोकत चला. आत भर शाबूत असेल तिथे खणखणीत आवाज येतो. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे खडूनं खूण करा. खुणा झाल्या की चार पावलं मागे सरकून बघा. पोकळ जागा गोलसर पट्ट्यात, साधारण कमरेपासून छातीपर्यंत असेल तर पदर सुटलेत. पन्हाळीखाली उभ्या पट्ट्यात असेल तर वरून पाणी येतंय. जमिनीलगत सगळीकडे सारखी असेल तर ओल खालून चढतेय.

मग ओळंबा सोडा. वरच्या थरापासून दोरी लोंबकळू द्या आणि प्रत्येक थरापाशी दोरीपासून दगडापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जुन्या भिंतींना खालून वर थोडा ढाळ असतो, तो दोष नाही. मधेच पोट पुढे येणं हा दोष. दोन फुटी भिंतीचं पोट दोन-अडीच इंचांच्या पुढे गेलं असेल तर मी नुसत्या दर्जा भरायला सांगत नाही. तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधायला लागतो.

तिसरी गोष्ट भेगा. कोपऱ्याजवळ पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी भेग असेल आणि ती मे महिन्यात रुंद होऊन ऑगस्टमध्ये मिटत असेल, तर दुखणं भिंतीत नाही, पायाखालच्या काळ्या मातीत आहे. भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्यानं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली की समजायचं, हालचाल चालू आहे. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघितल्याशिवाय अशा भेगेला हात लावू नका.

पाणी कुठून येतं

सगळ्यात मोठा गुन्हेगार माळवद. खरं तर माळवदाची निगा. तुळया, त्यावर सरे (आडव्या कड्या), त्यावर किलच्या (लाकडाच्या पट्ट्या), वर निरगुडीचा नाहीतर तरवडाचा पाला, त्यावर गारा आणि सगळ्यात वर पांढरी माती, अशी ती रचना. नीट राखली तर पिढ्यान्पिढ्या टिकते आणि सोलापूरच्या मे महिन्यात तिच्याइतका गारवा कुठला पत्रा देत नाही. पण गळती लागली की आपण वर नवी माती टाकतो. जुनी न काढता दरवर्षी एक थर. दहा बाय दहाच्या खणावर एक फूट माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन, तेही कोरडी असताना. मी दोन फुटांच्या वर गेलेली माळवदं पाहिली आहेत. परतीच्या पावसात ती भिजली की वजन आणखी वाढतं आणि सगळा भार आतल्या पदरावर येतो, कारण तुळई बहुतेक त्याच्यावरच टेकलेली असते. आतला पदर दबतो, बाहेरचा पदर मोकळाच राहतो आणि मधली ओली भर त्याला बाहेर ढकलते. सुटलं पोट!

आपल्याकडे एकूण पाऊस बेताचाच, पण पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम. ऑक्टोबर 2020 ची अतिवृष्टी आठवा. पन्हाळीच्या तोंडात कबुतराचं घरटं असलं तर तेवढं पाणी एका रात्रीत भिंतीच्या पोटात जायला पुरतं.

दुसरं, माळवदावर घातलेला पत्रा. गळती थांबते हे खरं, पण पत्र्याची कड भिंतीबाहेर जेमतेम सहा इंच असते आणि पागोळ्या थेट जोत्याला लागून पडतात. तिथे खड्डा होतो, पाणी पायाशी मुरतं. पत्रा घालायचाच असेल तर तो दोन फूट बाहेर काढा आणि कडेला पन्हळ लावा.

तिसरं कारण आपल्या जिल्ह्याचं खास आहे. हे गोठे बांधले तेव्हा भोवती कोरडवाहू ज्वारी होती. मालदांडी रब्बीत पेरायची, जमिनीतल्या ओलीवर काढायची, भिंतीजवळ बारमाही पाणी नाही. उजनी धरणाचं पाणी आलं तसा त्याच जमिनीत ऊस आला, आणि अनेक वस्त्यांवर उसाची सरी आता गोठ्याच्या मागच्या भिंतीपासून चार-पाच फुटांवर आहे. माळावरच्या कोरड्या जमिनीसाठी घातलेला पाया आता वर्षभर ओलीत उभा आहे. आधी शंभर वर्षं काही झालं नाही आणि आता दहा वर्षांत भिंत का सुटली, असं लोक विचारतात. बऱ्याच ठिकाणी उत्तर हेच असतं. सरी निदान पंधरा फूट मागे न्या. उसाच्या तेवढ्या दोन ओळींचं उत्पन्न भिंतीच्या खर्चापुढे काहीच नाही.

आणि चौथं, गोठ्याच्या आतून. गोमूत्र. कोबा करताना ढाळ भिंतीकडे राहिला की गोमूत्र भिंतीच्या कडेला साचतं, दर्जांत शिरतं आणि त्यातले क्षार ओलीबरोबर वर चढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि त्यांचे स्फटिक होताना दर्जांचा माल आतून फुटत जातो. गव्हाणीमागच्या भिंतीवर जो पांढरा, कापसासारखा मऊ थर दिसतो तो हाच. पक्का सिमेंटचा कोबा असेल तर ओलीला जमिनीतून वर यायला जागा उरत नाही, तीही भिंतीकडेच वळते. गोठ्यात मला शहाबादी फरशी मोकळ्या सांध्यांची बरी वाटते. ढाळ मधल्या नालीकडे आणि नाली बाहेरच्या खड्ड्याकडे. भिंतीला लागून वीतभर पट्टी मुरमाची ठेवा.

सिमेंटनं दर्जा भरल्या तर बिघडतं काय

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि रास्त आहे, कारण सिमेंटची दर्जा दिसायला भक्कम दिसते. पण भिंतीत पाणी थोडंफार शिरणारच. मातीची किंवा चुन्याची दर्जा असेल तर ते उन्हात परत बाहेर पडतं. सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. भिंत उन्हाळ्यात थोडी हलते, सिमेंट ताठ असल्यामुळे दगडाच्या कडेनं केसासारखी भेग पडते, आणि पुढच्या पावसात त्या भेगेतून पाणी आत शिरतं. आत जायला वाट आहे, यायला नाही.

बार्शीकडच्या एका वस्तीवर अशी भिंत उघडताना मी समोर होतो. मार्चअखेर, बाहेर रणरणतं ऊन, दगडाला हात लावला तर चटका. बाहेरच्या पदरातला एक दगड पहारीनं सैल करून काढला तर मागची माती मुठीत दाबून लाडू व्हावा इतकी ओली. पाच महिने पावसाचा थेंब नव्हता. दोन पदरांच्या मधे मनगट जाईल एवढी पोकळी आणि माती घसरून खाली साचलेली. पोकळीत घुशीनं आणून टाकलेली ज्वारीची कणसं आणि चिंध्या. बाहेरून त्या भिंतीच्या दर्जा नव्याकोऱ्या दिसत होत्या.

सिमेंटचं पातळ पाणी ओतून पोकळी भरून घ्या, असाही सल्ला दिला जातो. पोट सुटलेल्या भिंतीत हे कधीही करू नका. ओतलेल्या पाण्याचा दाब सुटलेल्या पदराला आणखी बाहेर ढकलतो, भिंत त्याच दिवशी कोसळू शकते. भिंतीला बाहेरून विटांचा खांब टेकवणं हाही तसलाच प्रकार. तो खांब बहुतेक वेळा काळ्या मातीवरच उभा असतो, पहिल्या पावसात खचतो आणि खचताना भिंतीलाही सोबत ओढतो.

दुरुस्ती कुठून सुरू करायची

क्रम महत्त्वाचा आहे. पाणी थांबवल्याशिवाय दर्जांना हात लावायचा नाही.

जनावरं दुसरीकडे हलवा आणि तुळयांना खालून टेकू द्या. टेकूखाली फळी घाला, नाहीतर तो जमिनीत रुततो. मग माळवद हलकं करा. वरचे जादा थर खोऱ्यानं ओढून उतरवा, दोन्ही बाजूंनी सारखे. एका बाजूचं सगळं आधी काढलं तर भार तिरपा होतो. माती सात-आठ इंचांवर आणा आणि ढाळ द्या, दहा फुटांना तीन-चार इंच पुरे. पन्हाळी भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट यायला हव्यात. तुळईचं भिंतीतलं टोक तपासा. टोचणीनं टोचून बघा, ती भसकन आत गेली तर ते टोक कुजलंय आणि आधी त्याचं बघायला लागेल.

जमिनीवर भिंतीभोवती तीन-चार फूट रुंदीची काळी माती फूटभर खोल काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसानं (जड ठोकणीनं) ठोका आणि ढाळ बाहेर ठेवा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. ती पायाला लागून ओली-कोरडी होत राहिली नाही पाहिजे. जुना पाया बहुतेक ठिकाणी मुरमापर्यंत नेलेला असतो. तो उघडा पाडून बघायच्या भानगडीत पडू नका, सरळ रेषेत लांब चर खणलात तर भिंतच खाली बसेल.

मंगळवेढ्याच्या बाजूला एक जादा काळजी. जुन्या वस्तीत, गोठ्यात किंवा अंगणात बुजलेलं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार, असू शकतं. जमीन एका जागी दरवर्षी खचत असेल, पाणी गोल फिरत मुरत असेल तर संशय घ्या. पेव उघडलं तर आत लगेच उतरायचं नाही. जुन्या पेवात विषारी हवा साचलेली असते आणि माणूस आवाज न करता जातो. ते मुरूम ठोकत ठोकत बुजवून घ्या.

एवढं झालं की एक पावसाळा जाऊ द्या. लोकांना हे पटत नाही, पण पाणी थांबलंय की नाही हे पावसाळ्याशिवाय कळणार कसं? भिंत आताच पडेल अशी अवस्था असेल तर अर्थात थांबायचं नाही. टेकू देऊन जाणकार अभियंत्याला दाखवा.

पदर बांधणं

पोट थोडंच असेल तर भिंत न उतरवता दोन्ही पदर एकमेकांना जोडता येतात. एक दगड बाहेरून आणि त्याच्यासमोरचा आतून अलगद काढायचा, मधली भर हातानं मोकळी करून आरपार भोक करायचं, दोन्ही तोंडांशी रुंद आणि मधे थोडं निमुळतं. त्यात 8 मिलिमीटरची दोन्ही टोकं वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, सळईभोवती सगळीकडून निदान इंचभर काँक्रीट येईल असं. किल्लारीनंतर मराठवाड्यातली उभी राहिलेली जुनी घरं बळकट करायला हीच पद्धत वापरली गेली. इथे सिमेंट चालतं, कारण ते मोजक्या जागी आहे, भिंतीचं तोंड बंद करत नाही. भारतीय मानक 13828 मध्ये आरपार दगडांसाठी उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटरला एक असं अंतर दिलंय. तेच इथे धरा, पण खालच्या-वरच्या ओळी एकमेकांसमोर न येता तिरप्या येऊ द्या. एका वेळी एकच भोक, आणि दगड काढायला ड्रिल मशीन नको. हादऱ्यानं शेजारची भर घसरते.

पोट जास्त असेल तर वरून खाली उतरवत जा, शाबूत थर लागेपर्यंत. एका वेळी तीन-चार फुटांपेक्षा जास्त रुंदी उघडू नका. दगडांना गेरूनं आकडे घाला, ओळीनं मांडून ठेवा. पुन्हा बांधताना दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत गेली पाहिजे. हल्लीचे गवंडी मोठं तोंड बाहेर दिसावं म्हणून दगड उभा लावतात, तो फरशीसारखा नुसता चिकटलेला राहतो. तिथे उभं राहून सांगायला लागतं. सांधमोड पाळा, उभा सांधा दोन थरांत एका रेषेत नको. चिपा बाहेरून ठोकायच्या नाहीत, दगड बसवतानाच आतून द्यायच्या. मधल्या भरीत शेतातली काळी माती अजिबात नको, तीच ओली होऊन पदर ढकलते. मुरूम, चाळलेली माती आणि थोडा चुना असा गारा करा आणि भर मातीनं कमी, खांडक्यांनी जास्त होऊ द्या.

आरपार दगड अडीच फुटांचा मिळत नाही ही अडचण खरी आहे. मग दोन दगड घ्या, प्रत्येक भिंतीच्या पाऊण जाडीएवढा, एक बाहेरून एक आतून, आत एकमेकांना लागून शेजारी बसतील असे. वडार समाजातले जुने कारागीर हे डोळे मिटून करतात. जिल्ह्यात अजून असे कारागीर आहेत आणि त्यांना या कामाची मजुरी मनासारखी द्या, कारण पुढच्या पिढीत हा हात उरेल की नाही याची मला रोज काळजी वाटते.

दर्जा भरायचा माल

शेवटी दर्जा. जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीनं काढा, ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दीड-दोन इंच खोल साफ करा. लोणा असेल तर कोरड्या ब्रशनं झाडून सुपात गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुतला तर तो परत आत जातो.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या चुनखडीच्या न विरलेल्या ढेकळांचा, आणा. दुकानातला रंगाचा चुना बऱ्याचदा जुना, हवा लागून मेलेला असतो. ताजी कळी पाण्यात पडली की उकळी फुटते, ढेकूळ फुटून विरतं. मेलेली कळी तशीच पडून राहते. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी टाका, डोळ्याला चष्मा लावून, पोरांना लांब ठेवून. डोळ्यात उडालेला चुना दृष्टी घेऊन जातो. विरलेला चुना पाण्याखाली निदान दोन आठवडे मुरू द्या, मग गाळून घ्या. एक भाग चुन्याला तीन भाग चाळलेली वाळू. जमिनीलगतच्या ओल्या थरांसाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. सुरखीमुळे चुना ओलीतही धरतो. गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा यांचं नाव लोक आवर्जून काढतात. वाड्याच्या गिलाव्याला त्याचा उपयोग असेल, गोठ्याच्या दर्जांना मला त्याची गरज वाटत नाही. पैसे चांगल्या कळीवर घाला.

दर्जा आधी पाणी मारून भिजवा, इंचभर थर दाबून भरा, मोठी फट असेल तिथे चीप द्या, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. मग गोणपाट ओलं करून दोन आठवडे झाकून ठेवा. चुन्याला हळूहळू घट्ट व्हायला हवा लागते, पण एकदम वाळला तर त्याची पूड होते. म्हणून हे काम मार्चनंतर काढू नका. दिवाळीनंतर, ज्वारी पोटरीत येईपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. त्यासाठी कळी पावसाळ्यातच भट्टीवर सांगून ठेवावी लागते, ऐनवेळी मिळत नाही.

सीनाकाठच्या ज्यांच्या वस्त्यांत सप्टेंबर 2025 मध्ये पुराचं पाणी उभं राहिलं, त्यांनी दर्जा भरायची घाई करू नये. अडीच फूट जाडीची भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण वाळत नाही. आतलं-बाहेरचं सिमेंट तेवढं काढून टाका, दारं-झरोके उघडे ठेवा, गाळ भिंतीपासून लांब न्या, आणि एखादा दगड काढून मागची माती मुठीत दाबून बघा. गोळा होत असेल तर अजून वेळ आहे.